लाल पडलेलं पितळ

"नोकरी कुठे होती तुमची?" असं कुणी विचारलं आणि मी "फाउंड्रीत" म्हटलं की समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते. तिला वाटतं, ही बया तापलेला रस ओतत होती की काय. ओतणारे वेगळे होते. ते काय ओतताहेत, हे सांगायचं काम माझं. सव्वीस वर्षं ते मी बहुतेक बरोबर सांगितलं. एकदा चुकीचं सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे. ती हकीकत मी आजवर टाळत आले. यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा म्हटलं, आता सांगून टाकावी.

ऐंशीच्या दशकात जळगावच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री होती. डाळ मिलचे बुश, जिनिंगचे भाग, धुळ्याच्या तेलघाण्यांची बेअरिंगं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे विहिरीवरच्या पंपांचे इंपेलर. शेतकरी त्याला पंखा म्हणतात. पंपाच्या पोटात तो गरागरा फिरतो आणि पाणी वर फेकतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. शेठना कुणीतरी सांगितलं की मोठ्या फाउंड्रीत लॅब असते, म्हणून त्यांनी स्टोअरशेजारची एक खोली चुना मारून मला दिली. एक तराजू, चार बाटल्या ॲसिड, काचेची नळकांडी आणि एक जाडजूड रजिस्टर. रजिस्टरला रकाने होते: तारीख, वस्तू, नमुना कोणी पाठवला, आणि निकाल. एवढ्या सामानावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते. तेविसावं वर्ष होतं, समजणारच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धातू निवडणं म्हणजे मजबूत बघून घेणं. पण कशासाठी मजबूत, ते आधी विचारावं लागतं. घासणाऱ्या बुशाला एक धातू लागतो, धक्के खाणाऱ्या दात्याला दुसरा, सतत पाण्यात राहणाऱ्या पंख्याला तिसरा. तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं आणि कथील घातलं की कासं. तांबं, कथील आणि नावापुरतं जस्त घातलं की आमचं गनमेटल. ओतायच्या पद्धतीही तशाच. ढोबळ वस्तू वाळूच्या साच्यात ओतायची. एकसारख्या शेकडो हव्या असल्या तर लोखंडी साचा करायचा. आणि नाजूक, वळणदार, तंतोतंत मापाची वस्तू असली तर आधी मेणाची करून तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत रस सोडायचा. हे सगळं मी पुस्तकातून शिकले होते. पण कुठल्या वस्तूला काय, हे मला वामन नानांनी शिकवलं.

वामन नाना आमचे भट्टीवाले. मूळचे सोनगीरचे. पोरवयात तिथल्या कासारांच्या भट्टीवर भाता ओढला, पुढे स्वतः मूस उचलायला लागले. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. बायको-मुलं सोनगीरला, हे जळगावात खोली घेऊन राहायचे. डोळ्यांवर निळ्या काचांचा चष्मा लावून भट्टीत बघत आणि धुरावरून सांगत की जस्त किती जळतंय. सकाळी भट्टी पेटली की दोन कप चहा घेऊन माझ्या खोलीत यायचे, स्टुलावर बसायचे आणि मला छळायचे. "ताई, आज काय निंघनं तुमना बाटलीमाईन?" मी आकडा सांगितला की म्हणायचे, "मी सकाळलेच सांगेल व्हतं." आणि खरंच सांगितलेलं असायचं. मला कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा.

त्या काळात घरोघरी स्टीलची भांडी येत होती आणि पितळी हंडे-घागरी मोडीत निघत होत्या. आमच्याकडे पुष्कळ गिऱ्हाइकं स्वतःचं मोड घेऊन येत, आणि ते वितळेपर्यंत भट्टीसमोर पोतं टाकून बसत. आपल्या घागरीचा रस दुसऱ्याच्या साच्यात जाऊ नये म्हणून हा पहारा. फाउंड्रीचा नियमही तसाच होता: गिऱ्हाइकाचं मोड गिऱ्हाइकासमोर, वेगळ्या मुशीत.

यावलकडचे भास्कर आबा असेच आले होते. केळीचे बागाईतदार. त्यांची आई वारली आणि घरात स्टील आलं, पण आईची भांडी मोडवाल्याला द्यायला त्यांचा जीव होईना. त्यांनी काढलेला तोडगा मला अजून आवडतो. आईच्या घंगाळाचा आणि घागरींचा पंपाचा पंखा करायचा. माय जन्मभर मळ्यातल्या विहिरीचं खारट पाणी ओढत आली, आता तिचं पितळ ओढेल, असं त्यांचं म्हणणं. नानांनी तेव्हाच त्यांना सांगितलं होतं, "आबा, पंखा पानीमा राही. पितळ पानीमा टिकस नई. गनमेटल करा." आबा ऐकेनात. शेठनीही "पितळ ते पितळ" म्हणून काम घेतलं. मोड वितळत होतं तेव्हा आबा बहिणीकडे जेवायला गेले. नाना म्हणाले, "जा तुम्ही, मी शे ना." पंखा झाला. ओतीव वस्तूवर काळपट साल असते, तसाच तो पंपात बसला; रंग कुणी निरखला नाही. हे सगळं मी लागण्याआधीचं. तेव्हा फाउंड्रीत लॅबच नव्हती.

दोन उन्हाळे गेले. मी लागून आठ महिने झाले होते तेव्हा आबा एक पिशवी घेऊन आले आणि त्यांनी ती शेठच्या टेबलावर उपडी केली. पंखा बाहेर आला. आकार तोच, माप तेच, पण रंग विटेसारखा लाल. आबांनी एक पातं दोन बोटांत धरून दाबलं तर त्याचा तुकडा पडला. खारी मोडावी तसा.

"मी पिवयं पितळ देलं होतं," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मले फक्त इतकं सांगा, माह्या मायचं पितळ गेलं कुठी?"

शेठनी पंखा माझ्याकडे पाठवला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. असं कोडं रोज कुठे मिळतं. मी मोडक्या पात्याचा किस काढला, ॲसिडमध्ये विरघळवला. तपकिरी धूर गेला, निळंशार पाणी राहिलं, पुढचे सोपस्कार केले. तांबं शंभरात नव्वदच्या वर. जस्त जवळजवळ नाहीच. दुसऱ्या पात्याचा किस घेऊन पुन्हा केलं. तेच. मी रिपोर्ट लिहिला: हे पितळ नाही.

शेठच्या चेहऱ्याचा रंग उतरला, कारण त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. आबांचा पंखा ओतला त्याच दिवशी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या एका ठेकेदाराचे तांब्याचे क्लॅम्पही ओतले होते. वीज वाहून नेणारे क्लॅम्प तांब्याचेच लागतात. शेठनी हिशेब जुळवला की मुशी बदलल्या. ठेकेदाराचं तांबं आबांच्या साच्यात गेलं आणि आबांच्या आईचं पितळ तिकडे क्लॅम्पमध्ये. ते क्लॅम्प कधीच बसवून झाले होते. बोभाटा झाला तर फाउंड्रीचं नाव संपलं. आणि त्या दिवशी भट्टीवर नाना एकटेच होते.

शेठनी नानांना भट्टीसमोरच बोलावलं, सगळ्यांच्या देखत. माझा कागद हातात धरून विचारलं. नानांनी तो लाल पंखा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हाई पानीनं करेल शे."

मी हसले. हे लिहितानाही मला लाज वाटते. मी म्हटलं, "नाना, पाणी पितळात तांबं कुठून आणून घालेल?"

नाना माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा. मी मूस बदली का?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. "मला माहीत नाही" तर नक्कीच म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. मी म्हणाले, "आकडे तर तसंच सांगतात."

"पस्तीस वरीस व्हयनात भट्टीवर," एवढंच नाना बोलले. त्यांनी निळा चष्मा काढला, माझ्या खोलीत येऊन तराजूशेजारी ठेवला आणि फाटकाबाहेर गेले. शेठनी थांबवलं नाही. मीही नाही. संध्याकाळी कळलं की ते सोनगीरच्या बसमध्ये बसले.

पुढचे दहाबारा दिवस मी कामात लक्ष घालायचा प्रयत्न केला. नवीन भट्टीवाला आला, त्याचे साचे फुगायचे, वस्तूंना छिद्रं पडायची. पण मला खुपत होतं ते वेगळंच. नाना खोटं बोलतील, हे काही केल्या पटत नव्हतं. आणि आकडे खोटे बोलतील, हेही पटत नव्हतं. दोघांतलं कुणीतरी चुकलंय आणि ती मी नाही, एवढ्यावर मी माझी समजूत घातली होती.

दिवाळी जवळ आली. घरी सासूबाईंनी समया आणि तांबे काढून चिंचेच्या कोळात ठेवायला सांगितले. मी ठेवले आणि विसरले. दुपारी बघते तर समईच्या बैठकीवर लालसर डाग. मी चिंता करत बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "चिंच फार वेळ राहिली, लाल पडलं. राखेनं घास, आत पिवळंच आहे."

मी घासलं. डाग गेला, खालून पिवळं आलं. मी तशीच राखेच्या हातांनी मोरीत बसून राहिले. सासूबाईंना वाटलं मला चक्कर आली.

चिंचेने समईत तांबं आणून घातलं नव्हतं. तिने जस्त काढून नेलं होतं, तांबं जागच्या जागी राहिलं होतं. आबांच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याने दोन वर्षं बसून तेच केलं होतं. पंख्याचा आकार तसाच, पण आतून जस्त निघून गेलेलं, म्हणून तो खारीसारखा मोडत होता. आणि मी किस कुठला घेतला? पात्याचा. सगळ्यात पातळ भागाचा, जिथे पाण्याने आरपार खाल्लं होतं. घरी जुनं पुस्तक काढलं तर या प्रकारावर चक्क अर्धं पान होतं, आणि त्याखाली मी स्वतः परीक्षेसाठी मारलेली लाल रेघ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी फाउंड्रीत गेले. बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो, तसा पंख्यालाही मध्ये जाड तुंबा असतो. तो पकडीत अडकवला आणि करवतीने मधोमध कापायला घेतला. माझ्या हाताला ते काम नव्हतं, तासभर लागला. दोन अर्धुकं झाली. कडेला लाल साल, आणि आत पिवळंधमक पितळ. आबांच्या आईचं पितळ तिथेच होतं, कुठेही गेलेलं नव्हतं.

आतला किस तपासला. पितळच. मी दुसरा रिपोर्ट लिहिला. त्यात आधी लिहिलं की पहिला नमुना चुकीच्या जागेचा होता आणि चूक नमुना घेणाऱ्याची आहे, म्हणजे माझी. शेठ वाचून म्हणाले, "झालं ना, मिटलं. मी निरोप धाडतो नानांना." मी म्हटलं, "शेठ, पहिला कागद तुम्ही भट्टीसमोर वाचलात. हाही तिथेच वाचा." शेठ कुरकुरले, पण त्यांनी वाचला. बाकी त्यांच्याबद्दल माझ्या हजार तक्रारी आहेत, ही एक नाही.

मग मी धुळ्याची बस धरली आणि तिथून सोनगीर. पर्समध्ये तुंब्याची दोन अर्धुकं आणि निळा चष्मा. घर विचारत विचारत किल्ल्याच्या बाजूच्या वस्तीत गेले. नाना ओट्यावर बसले होते. बायकोने मला पाणी दिलं आणि आत गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली वीतभर पितळी मूर्ती, नानांनी तरुणपणी मेणाच्या पद्धतीने ओतलेली. तिच्या बोटांमधली फटसुद्धा स्वच्छ आली होती.

मी अर्धुकं त्यांच्या हातात दिली. नानांनी उन्हात धरून पाहिली, अंगठा फिरवला.

"बठ्ठं पितळच शे आतमा," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही वरवर खोदं, ताई."

"हो नाना. चुकले मी. आणि तुम्ही सांगितलं तेव्हा हसलेही."

त्यांनी दोन्ही अर्धुकं ओट्यावर एकमेकांना लावून ठेवली. मग म्हणाले, "कासार लोके सांगेत, पितळ लाल पडस. माले ठावं व्हतं. पन तुमना कागदवर आकडा व्हतात. मनाजोडे काय व्हतं?"

मला रडू आलं. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. चष्मा मी ओट्यावर ठेवला होता. निघताना पाहिलं तर तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

नाना परत आले. पहिलं काम आबांच्या पंख्याचंच. धातू गनमेटल, यावर आता वाद नव्हता, कारण कथील पाण्यात पळून जात नाही. वाळूत ओतलेल्या पंख्याची पाती कमीजास्त जाड होतात आणि पंप थरथरतो, म्हणून नाना म्हणाले हा मेणाचा करायचा. पाती एकसारखी येतील. आबा समोर पोत्यावर बसले होते, या वेळी जेवायला न जाता. पण त्यांचा चेहरा पडलेला होता, कारण आईचं पितळ तर बाजूलाच राहणार होतं. नानांनी तुंब्याच्या एका अर्धुकाची लाल साल कानशीने काढून टाकली आणि पिवळा गाभा आबांना दाखवला.

"गनमेटलले इतलंसं जस्त लागसच. ते दुकाननं कसाले? मायनं घालूत."

दुधात विरजण घालावं तसा तो गाभा त्यांनी मुशीत सोडला. आबांनी टोपी काढली आणि डोळे पुसले. दुसरं अर्धुक मी मागून घेतलं. ते पुढे कायम माझ्या टेबलावर होतं. रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला: नमुना कुठून घेतला.

नानांनी पुढे तीन वर्षं काम केलं. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. पण सकाळचा चहा घेऊन ते आत आले नाहीत. कप खिडकीत ठेवायचे, दारात उभ्याउभ्या "काय ताई" म्हणायचे आणि जायचे. स्टूल रिकामं असायचं. मी एकदोनदा म्हटलं, "नाना, बसा ना." ते म्हणायचे, "भट्टी चेतेल शे." मग ते थकले आणि सोनगीरला कायमचे गेले. मी धरून चालले की त्यांनी मला माफ केलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात भास्कर आबा लॅबमध्ये आले. म्हातारे झाले होते. केळीचा घड दारात ठेवला आणि पिशवीतून तो पंखा काढून माझ्यासमोर ठेवला. विहीर आटली, बोअर केली, पाण्यातली मोटर बसवली, आता याचं काम नाही, म्हणाले. पाती झिजली होती, पण रंग जसाच्या तसा होता. तुंब्यावर मात्र एका ओळीत कानशीचे घाव होते. सात की आठ, सारख्या अंतरावर, खोल.

"हे कशाचे?" मी विचारलं.

आबांना माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "नानाचे. दर उन्हाळ्यात पंप काढला का येत ना ते. कानस मारत, आत डोकावून पाह्यत, 'नई पडलं लाल' म्हनत, भाकर खाऊन जात. पह्यल्यांदा आले तवा मी म्हटलं, नाना, इतक्या दूर कायले आले. तर म्हने, ताईनं पाठवलं. दरवर्षी तेच. तुम्हीच पाठवत ना?"

मी कधीच पाठवलं नव्हतं. सोनगीरहून यावलला दोन-तीन बस बदलाव्या लागतात.

"यंदा नाही आले?"

"हिवाळ्यात गेले. त्याहीच्या पोराचं पत्र आलं होतं मले. तुम्हाले माहीत असंन असं वाटलं."

मला माहीत नव्हतं. आबा गेल्यावर मी दार लावून घेतलं. वरवर पाहून मी त्या माणसाचं नाव घालवलं होतं, आणि तो माणूस दर उन्हाळ्यात खोल बघून माझं नाव राखत होता.

मी कानस घेतली आणि शेवटच्या घावाशेजारी आणखी एक घाव घातला. आत-बाहेर रंग एकच होता. थोडा किस काढला, विरघळवला, आकडा आला. मग रजिस्टर उघडून नोंद केली. वस्तू: पंखा. नमुना कुठून घेतला: तुंब्यातून, खोल. नमुना कोणी पाठवला, या रकान्यात लिहिलं: वामन नाना, सोनगीर.